रॉ फाइली ग्राहकापर्यंत पोहोचवणाऱ्या सेवा: मालवणातून केलेले परीक्षण

छायाचित्रांच्या मूळ रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली आणि प्रक्रिया न केलेली माहिती, ग्राहकाला इंटरनेटवरून विकण्यासाठी आणि पोहोचवण्यासाठी आज इतक्या सेवा उपलब्ध आहेत की, निवड करताना बहुतेक जण फुकट मिळणारी जागा आणि महिन्याचा दर एवढेच पाहतात. मालवण तालुक्यात राहून मुंबई-पुण्याच्या ग्राहकांसाठी काम करताना मला हे दोन्ही निकष दुय्यम वाटतात. येथे सेवेची खरी परीक्षा होते ती फाइली अर्ध्या गेलेल्या असताना लाइन तुटल्यावर. जेथे थांबले तेथून काम पुढे सुरू होते की पुन्हा पहिल्यापासून, हे मी सर्वांत आधी पाहतो, आणि पुढील मते याच कसोटीवर दिलेली आहेत.

रॉ फाइल कोणाला लागते हे आधी स्पष्ट केले पाहिजे, कारण पाठवण्याची पद्धत त्यावरून ठरते. लग्नाचे, बारशाचे किंवा तारकर्लीतल्या होमस्टेचे फोटो काढून घेणाऱ्याला तयार जेपेग पुरतात. त्याला रॉ दिली तरी फोनवर ती धड उघडत नाही. रॉ मागतात त्या जाहिरात संस्था, पुस्तकांचे प्रकाशक, स्पर्धांचे आयोजक आणि अभ्यासक. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’सारख्या स्पर्धेत पुढच्या फेरीत गेलेल्या छायाचित्राची मूळ रॉ फाइल पडताळणीसाठी द्यावी लागते. कोकणातल्या ज्या कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला, त्यांपैकी एक ठिकाण आमच्या तालुक्यातले कुडोपी आहे, आणि सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, त्या उथळ रेषांची नोंद करणाऱ्याला सावलीतला तपशील वर आणता यावा लागतो. दशावतारी नाटकाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. देवळासमोरच्या मंडपात, एकाच बाजूने येणाऱ्या प्रखर दिव्यात संकासुर उभा राहतो तेव्हा जेपेगमध्ये त्याचा काळा वेश म्हणजे नुसता एक काळा डाग दिसतो आणि त्यात लोंबणारी लाल जीभ तेवढी उठून दिसते. त्याच क्षणाच्या रॉ फाइलमध्ये सावली थोडी उघडली की कापडाच्या चुण्या आणि बाह्यांची शिवण दिसू लागते. चौदा बिटांच्या रॉमध्ये प्रत्येक रंगघटकाच्या १६,३८४ पायऱ्या नोंदलेल्या असतात आणि आठ बिटांच्या जेपेगमध्ये २५६. चुण्या येतात त्या या फरकातून. दशावतारावर पुस्तक करणाऱ्या प्रकाशकाने रॉचा आग्रह धरला तर तो योग्यच आहे, आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचीही त्याने तयारी ठेवली पाहिजे.

आता वजनाचा हिशोब. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची, गुणवत्ता न घटवता दाबलेली रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची होते. ४५ मेगापिक्सेलची ५० एमबीच्या आसपास जाते, आणि न दाबता साठवली तर ९० एमबीच्या घरात. एका रात्रीच्या नाटकाचे निवडक दीड हजार फोटो सरासरी ४० एमबीने धरले तर ६० जीबी होतात. अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल तर तासाला साडेचार जीबी जातात, म्हणजे या कामाला १३ तासांहून अधिक लागतात. वेग १०० एमबीपीएस असेल तर तेच काम सुमारे ८० मिनिटांत संपते. आमच्याकडे आता गावोगावी फायबर आलेले आहे आणि कागदावर १०० एमबीपीएस मिळतातही. मात्र योजनेच्या जाहिरातीतला आकडा पुष्कळदा डाउनलोडचा असतो, आणि फाइली पाठवणाऱ्याने अपलोडचा वेग वेगळा विचारून घेतला पाहिजे. जून ते सप्टेंबर या काळात सलग १३ तास वीज आणि लाइन दोन्ही टिकून राहतील असे गृहीत धरताच येत नाही. फोन केला की केबलवाल्याचे उत्तर येते, “फांदी पडली हा वायरीर, सांजेपर्यंत जोडतंव,” आणि तो बिचारा पावसात खांबावर चढून खरोखरच जोडून देतो. पण मधले पाच तास गेलेले असतात. २०२० चे निसर्ग आणि २०२१ चे तौक्ते ही वादळे ज्यांनी किनाऱ्यावर राहून पाहिली, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

वजन कमी करण्याचा एकच प्रामाणिक उपाय आहे, आणि तो कॅमेऱ्यातच असतो. निकॉनच्या माहितीपुस्तिकेनुसार, दर्जा न घटवता दाबण्याचा पर्याय निवडल्यास फाइल २० ते ४० टक्क्यांनी लहान होते. इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतही असे पर्याय आहेत. रॉ फाइलींची झिप केल्याने, म्हणजे त्या सर्व एकाच दाबलेल्या फाइलीत बांधल्याने, मात्र जवळपास काहीच वाचत नाही, कारण आधीच दाबलेली माहिती पुन्हा दाबली जात नाही. तरीही बहुतेक सेवा झिपचाच आग्रह धरतात, आणि पुष्कळशी अडचण तेथूनच सुरू होते.

पाठवण्याचे दोन टप्पे असतात: आपल्या संगणकावरून सेवेच्या सर्व्हरवर, आणि तेथून ग्राहकाच्या संगणकावर. सर्व्हरने फाइलचा मधलाच भाग मागण्याची सोय दिलेली असेल तर तुटलेले डाउनलोड राहिलेल्या भागापासून पुढे चालते. पुष्कळ सेवा मात्र पूर्ण फोल्डर मागितला की त्याच क्षणी झिप बांधत बांधत तो पाठवतात. अशा झिपचा एकूण आकार आधी ठरलेला नसल्यामुळे किती राहिले हे ब्राउझरला दाखवता येत नाही आणि तुटल्यावर पुढे चालूही करता येत नाही. अशाच एका सेवेवरून, जिचे नाव येथे घेत नाही, पुण्याच्या एका प्रकाशकांना मी नाटकाच्या फाइली पाठवल्या होत्या. माझ्या बाजूने सर्व काही नीट चढले होते. त्यांचा फोन आला, “दादा, रात्रभर लावून ठेवलं होतं, सकाळी बघतो तर परत शून्यापासून सुरू.” पुण्यासारख्या शहरात, चांगल्या लाइनवरही असे होते. म्हणून सेवा निवडताना आपला अपलोड पाहणे पुरेसे नाही. ग्राहकाच्या हातात काय पडते आणि कसे पडते, हे त्याच्या जागी बसून तपासले पाहिजे.

सर्वाधिक वापरली जाणारी सेवा म्हणजे गूगल ड्राइव्ह, आणि तिची बाजू बहुतेकांना वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. फुकट मिळणारे १५ जीबी जीमेल आणि गूगल फोटोज यांच्यासह वाटून घ्यावे लागतात; १ जून २०२१ पासून फोटोजमध्ये नव्याने चढवलेली छायाचित्रेही त्यात मोजली जातात. त्यामुळे रॉच्या कामासाठी पैसे भरूनच जागा घ्यावी लागते, आणि १०० जीबीची योजना महिन्याला १३० रुपयांत मिळते हे पाहता त्यात गैर काही नाही. संगणकावर बसवायचे ड्राइव्हचे सॉफ्टवेअर वापरल्यास अपलोड तुकड्यातुकड्यांनी होते, वीज जाऊन आली तरी ते स्वतःहून पुढे चालू होते, आणि रात्री यंत्र चालू ठेवून झोपता येते. दिवसाला ७५० जीबीची मर्यादा आहे, पण येथून कोणी तिच्या जवळपासही जाणार नाही. माझ्या कसोटीवर ड्राइव्हचा अपलोडचा भाग पूर्ण उतरतो.

अडचण आहे ती ग्राहकाच्या बाजूला. ग्राहकाने ब्राउझरमध्ये फोल्डर उघडून ‘सर्व डाउनलोड करा’ म्हटले की ड्राइव्ह त्याचे सुमारे दोन-दोन जीबीचे झिप तुकडे पाडते. ६० जीबीच्या कामाचे तीसएक तुकडे होतात, त्यांतला एखादा अर्धवट उतरला तर कोणता ते शोधावे लागते, आणि एकाच फोल्डरमधले फोटो वेगवेगळ्या झिपांत विखुरलेले असल्यामुळे चारशेबारा क्रमांकाचा फोटो आला की नाही, हे सर्व उघडल्याशिवाय कळत नाही. यावर मला उपयोगी पडलेला उपाय असा आहे: ग्राहकाचे स्वतःचे गूगल खाते असेल तर त्याला फोल्डरचा शॉर्टकट आपल्या ड्राइव्हमध्ये घ्यायला सांगावे आणि त्याच्या संगणकावरही तेच सॉफ्टवेअर बसवून घ्यावे, मग फाइली झिप न होता एकेक करून, मूळ नावांनिशी उतरतात. शॉर्टकटमुळे त्याची जागाही खर्च होत नाही. जे ग्राहक वर्षातून अनेकदा काम देतात, त्यांच्यासाठी एवढी खटपट एकदा करून ठेवणे सार्थकी लागते. ज्यांचे काम एकदाच आहे, त्यांच्याकडून ही अपेक्षा करणे योग्य नव्हे. आणखी एक गोष्ट प्रत्येक वेळी तपासावी: नव्या फोल्डरची परवानगी मुळात ‘प्रतिबंधित’ असते आणि ती बदलल्याशिवाय लिंक पाठवली की ग्राहकाला परवानगी मागण्याचे पान दिसते. लिंक पाठवण्यापूर्वी ती ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडून पाहिली की हा प्रश्न उरत नाही.

वीट्रान्सफरविषयी थोडक्यात सांगतो. २००९ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे सुरू झालेली ही सेवा छायाचित्रकारांमध्ये लोकप्रिय झाली ती तिच्या साधेपणामुळे: फाइल टाका, पत्ता लिहा, पाठवा. ग्राहकाला खाते लागत नाही आणि पानावर गोंधळ नसतो. परंतु वर्षानुवर्षे फुकट योजनेत एका वेळी दोन जीबीच जात असत, आणि २०२४ मध्ये कंपनी दुसऱ्या मालकाकडे गेल्यानंतर तिच्यावर महिन्याकाठच्या एकूण जीबींची आणि खेपांचीही मर्यादा आली. रॉच्या कामाला ती जागा म्हणजे समुद्रात चिमूटभर मीठ. मे २०२० मध्ये भारत सरकारच्या दूरसंचार विभागाच्या आदेशाने हे संकेतस्थळ देशात बंद करण्यात आले होते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्या सेवेवर आपला संपूर्ण व्यवसाय उभा आहे ती एका सकाळी उघडली नाही तर काय करायचे, याची तयारी प्रत्येकाने ठेवली पाहिजे. माझा एका वेळी दोन सेवांवर हात बसलेला असतो तो यासाठीच.

एकदाच काम देणाऱ्या ग्राहकासाठी मी स्विसट्रान्सफर वापरतो आणि तिची शिफारस मोकळेपणाने करतो. स्वित्झर्लंडमधील इन्फोमॅनियाक या कंपनीची ही सेवा एका खेपेत ५० जीबीपर्यंतच्या फाइली फुकट नेते, पाठवणाऱ्यालाही खाते लागत नाही, लिंक एका दिवसापासून ३० दिवसांपर्यंत चालू ठेवता येते, पासवर्ड लावता येतो आणि किती वेळा डाउनलोड व्हावे याची मर्यादाही घालता येते. ही शेवटची सोय विक्रीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण एका जाहिरात संस्थेला विकलेल्या फाइलीची लिंक तिच्या ओळखीच्या चार जणांकडे फिरू नये, अशी आपली रास्त अपेक्षा असते. तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पाठवणे ब्राउझरच्या पानावरून होते, ते पान बंद झाले की काम थांबते, आणि सर्व्हर युरोपात असल्यामुळे येथून मिळणारा वेग आपल्या लाइनच्या पूर्ण क्षमतेइतका असेलच असे नाही. म्हणून ५० जीबीची मुभा असली तरी मी एका खेपेत आठ-दहा जीबीच टाकतो, प्रत्येक खेपेला प्रवेशानुसार किंवा स्थळानुसार नाव देतो आणि ग्राहकाला पाच-सहा लिंका एकाच पत्रात क्रमाने लिहून देतो. लाइन तुटली तर एकच खेप जाते, सगळे काम जात नाही.

ड्रॉपबॉक्सचे तंत्र माझ्या कसोटीला सर्वांत जवळ जाणारे आहे. ती प्रत्येक फाइलीचे चार-चार एमबीचे तुकडे करते आणि तुटल्यावर केवळ राहिलेले तुकडेच पाठवते. फुकट जागा मात्र दोनच जीबी आहे, आणि पुढची योजना थेट दोन टीबीची, महिन्याला दहा डॉलरच्या आसपास. मोठ्या स्टुडिओला ती परवडेल. तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने काम करणाऱ्याला ड्राइव्ह असताना तिची गरज नाही.

ज्यांचे काम नियमित आहे आणि ज्यांच्या ग्राहकांकडे तांत्रिक माणूस आहे, त्यांनी मात्र क्लाउडफ्लेअर आर-टू या साठवणुकीच्या सेवेचा गंभीरपणे विचार करावा. सर्वसाधारण छायाचित्रकाराने हे नाव ऐकलेले नसते, कारण ती मुळात संकेतस्थळे बांधणाऱ्यांसाठी आहे. तिचा दर महिन्याला प्रति जीबी दीड सेंट इतका आहे आणि पहिले १० जीबी फुकट असतात. ६० जीबीचे काम महिनाभर ठेवले तर साठवणुकीचे सुमारे पाऊण डॉलर होतात. महत्त्वाचे म्हणजे ग्राहकाने फाइली कितीही वेळा उतरवल्या तरी त्यांच्या बाहेर जाण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. ॲमेझॉनच्या एस-थ्री या तशाच सेवेत मुंबईच्या केंद्रातून, महिन्याचे पहिले १०० जीबी वगळता, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जीबीला सुमारे ११ सेंट लागतात, आणि ग्राहकाच्या कचेरीत तिघांनी तेच फोल्डर तीनदा उतरवले तर बिल आपल्याला येते. विकणाऱ्याच्या हिशोबात खर्च आधी ठरलेला असावा लागतो, आणि तो येथे ठरतो.

आर-टूवर फाइली चढवण्यासाठी मी आरक्लोन हे मुक्त सॉफ्टवेअर वापरतो. ते मुख्यतः आज्ञा टाइप करून चालवावे लागते, आणि एवढ्यावरून पुष्कळ जण ते सोडून देतात. पण ‘कॉपी’ आणि ‘चेक’ या दोनच आज्ञा आल्या तरी काम भागते. लाइन थोडा वेळ गेली तर ते स्वतःच पुन्हा प्रयत्न करते. वीज जाऊन संगणकच बंद पडला तर तीच आज्ञा पुन्हा द्यायची. पूर्ण गेलेल्या फाइली ते ओलांडून पुढे जाते आणि अर्धवट राहिलेल्याच फाइली पहिल्यापासून पाठवते. ६० जीबीची एकच झिप केली असती तर तुटण्याची किंमत ६० जीबी झाली असती. सुट्या रॉ फाइली पाठवल्या तर ती त्या क्षणी चढत असलेल्या मोजक्या फाइलींची, म्हणजे प्रत्येकी ४० एमबीची होते. कोकणातून मोठे काम पाठवणाऱ्या प्रत्येकाने हा फरक नीट समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते, कारण यात पैसा लागत नाही, फक्त झिप करण्याची सवय सोडावी लागते. नंतर ‘चेक’ ही आज्ञा प्रत्येक फाइलीचा ठसा, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला एक लांबलचक आकडा, दोन्ही ठिकाणी जुळतो का ते पाहते आणि न जुळणाऱ्या फाइलींची नावे दाखवते. ग्राहकाला द्यायच्या, ठरावीक काळच चालणाऱ्या लिंकांची मुदत जास्तीत जास्त सात दिवस असते, ही या सेवेची अडचण आहे. सुट्टीवर गेलेल्या ग्राहकाला लिंक पुन्हा काढून द्यावी लागते. होमस्टेच्या मालकांच्या हातात ही व्यवस्था देण्यात अर्थ नाही. जाहिरात संस्थेच्या तांत्रिक विभागाला मात्र ती दिली की त्यांच्याकडून तक्रार येत नाही.

आता विक्रीकडे वळतो. स्मगमगसारख्या परदेशी गॅलरी-सेवांवर छायाचित्रे मांडून, दर लावून विकता येतात आणि जेपेगसाठी ती सोय सुरेख आहे. रॉचे तसे नाही. अशा गॅलऱ्या मुख्यतः पाहण्याजोग्या प्रतिमांसाठी बांधलेल्या असतात, आणि स्मगमगवरही रॉ साठवायची तर त्यासाठी वेगळी पुरवणी-सेवा घ्यावी लागते. शिवाय आपले ग्राहक रुपयांत देणारे असतील तर पैसे परदेशातून फिरवून आणण्याचे कारण नाही. मी निवडीसाठी माझ्या नावाची खूण उमटवलेल्या, लहान आकाराच्या जेपेगची गॅलरी दाखवतो, ग्राहक क्रमांक कळवतो, रक्कम जमा होते आणि मगच रॉची लिंक जाते. ओळखीच्या ग्राहकाकडून यूपीआयने थेट पैसे घेणे सर्वांत सोपे आहे. संस्थेला पावतीसह पैसे भरण्याची लिंक हवी असेल तर रेझरपेसारखी सेवा घ्यावी. तिचा साधारण दर दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असा आहे, म्हणजे १०,००० रुपयांमागे २३६ रुपये जातात, आणि ते दरपत्रकात आधीच धरावेत.

रॉ देणे म्हणजे हक्क देणे नव्हे, हे मात्र कागदावर यावे लागते. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम १७ नुसार, मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. छायाचित्रकारांमध्ये याच्या नेमका उलट समज रूढ आहे, आणि रॉ फाइल हातातून गेल्यावर तो समज महागात पडतो. आपण स्वतःहून काढून ठेवलेल्या छायाचित्रांचा हक्क आपलाच असतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो हयातभर आणि त्यापुढे ६० वर्षे टिकतो. तो हस्तांतरित करायचा तर लेखी करार लागतो, आणि कलम १९ नुसार करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे व प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. म्हणून लिंकेच्या पत्रातच फाइलींचे क्रमांक, वापराचा हेतू, मुदत आणि पुनर्विक्रीची मनाई या गोष्टी मी लिहितो आणि ग्राहकाकडून ‘मान्य’ असे उत्तर आल्यावरच पासवर्ड देतो. हक्कच द्यायचा असेल तेव्हा सहीचा करार वेगळा करतो.

गठ्ठ्यात रॉबरोबर आणखी तीन गोष्टी जाव्यात. पहिली म्हणजे लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरने केलेल्या फेरफारांची, एक्सएमपी या नावाने ओळखली जाणारी काही केबींची जोडफाइल आणि दुसरी म्हणजे तयार छायाचित्राची एक जेपेग. या दोन्ही नसतील तर ग्राहकाला उघडल्यावर फिकट, निर्जीव रंगांचे चित्र दिसते आणि आपण दाखवलेला फोटो हा नव्हेच असे त्याला वाटते. तिसरी म्हणजे फाइलींच्या ठशांची यादी. ग्राहकाचे सॉफ्टवेअर जुने असून नव्या कॅमेऱ्याची रॉ उघडत नसेल तर अडोबीच्या फुकट मिळणाऱ्या रूपांतरकाने तिची डीएनजी, म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरलाही उघडता येणारी रॉ, करून द्यावी. हा प्रकार २००४ पासून प्रचारात आहे. आणि कातळशिल्पांच्या किंवा कासवांच्या घरट्यांच्या फोटोंत कॅमेऱ्याने अक्षांश-रेखांश नोंदले असतील, तर अभ्यासकाखेरीज कोणालाही ते देऊ नयेत.

काम २०० जीबीच्या पुढे गेले की मी इंटरनेटचा आग्रह सोडतो. मालवणहून मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीने ५०० जीबीची डिस्क बारा तासांत पोहोचली तर तो वेग ९० एमबीपीएसहून अधिक भरतो, आणि आंब्याच्या पेट्या ज्या विश्वासाने गाड्यांवर चढतात त्याच विश्वासाने हे पाकीटही जाते. डिस्क एक्सफॅट पद्धतीने तयार करावी म्हणजे विंडोज आणि मॅक या दोन्हींवर लिहिता-वाचता येते. फॅट-३२ मध्ये चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. व्हेराक्रिप्टसारख्या सॉफ्टवेअरने डिस्क कुलूपबंद करावी आणि पासवर्ड पाकिटात न घालता फोनवर सांगावा. पावसाळ्यात पाकिटाआत प्लॅस्टिकची चेन-पिशवी आणि ओलावा शोषणारी पुडी घालावी. पाकीट उचलण्यासाठी ग्राहकाचा माणूस थांब्यावर कितीला येणार हे ठरवून मगच गाडीचा क्रमांक कळवावा. डिस्क पोहोचली, फाइली उतरवून घेतल्या आणि ठशांची यादी जुळली असे ग्राहकाचे लेखी उत्तर येईपर्यंत कॅमेऱ्याची कार्डे पुसू नयेत.